क्रॉसबोने डुक्कर पडेल का? बोरशेतीची घटना, कायदा आणि रात्रीची राखण

माहीम (ता. पालघर) : भात निसवायला लागलं की गावागावात एकच विषय सुरू होतो, डुक्कर. माहीम-केळव्याकडच्या वाड्यांना हा त्रास तसा कमी. पण वाघोबा घाट चढून मनोरकडे गेलं, किंवा विक्रमगड-जव्हारच्या अंगाला गेलं, की जंगलाला लागून असलेल्या खाचरात एका रात्रीत काय होतं ते शेतकऱ्यालाच माहीत. कळप शिरला की खातो थोडं आणि तुडवतो जास्त. सकाळी बघावं तर भात आडवं झालेलं, बांध उकरलेला, आणि कंद लावले असतील तर जमीन नांगर फिरवल्यासारखी.

यावर उपाय म्हणून आता एक नवीन चर्चा तरुण पोरांच्या मोबाइलवरून सुरू झाली आहे. परदेशातले व्हिडिओ फिरतात. हिरवे कपडे घातलेला माणूस झाडावर बसलाय, हातात बंदुकीसारखा दिसणारा आडवा तीरकामठा, घोडा दाबला की बाण सुटतो, आवाज नाही, धूर नाही, आणि मोठं हरीण किंवा डुक्कर शंभर पावलांत आडवं. याला क्रॉसबो म्हणतात. ऑनलाइन मिळतो. बंदुकीचा आवाज नाही म्हणजे वनखात्याला पत्ता नाही, असा हिशोब काही जण मांडतात. हा हिशोब किती खरा, ते जरा नीट बघायला हवं. कारण आपल्याच तालुक्यात शिकारीच्या नादात काय झालं, ते अजून फार जुनं झालेलं नाही.

बोरशेतीच्या जंगलात काय झालं

जानेवारी 2025 च्या शेवटच्या आठवड्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांची एक टोळी रानडुकराच्या शिकारीला गेली होती. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे, अंधारात हालचाल दिसली, डुक्कर समजून बंदूक चालवली गेली, आणि गोळी लागली ती सोबतच्याच माणसाला. माणूस गेला. त्याच्या पुढचं जास्त वाईट. कोणी पोलिसांकडे गेलं नाही. मृतदेह झुडपात लपवला गेला आणि सुमारे आठवडाभराने प्रकरण उघड झालं. गावातल्या अनेकांना ताब्यात घेतलं गेलं.

यात कोणाचं एकमेकांशी वैर होतं असं पुढे आलेलं नाही. सगळे एकाच भागातले, ओळखीचे. चूक एकच होती, समोर काय आहे ते डोळ्याने न बघता घोडा दाबला. त्यानंतरची दुसरी चूक भीतीपोटी झाली. शिकारच बेकायदा, मग अपघात झाला तरी सांगायचा कसा? बेकायदा कामाची हीच गोम आहे. अपघात झाला तर दवाखान्याची गाडीसुद्धा बोलवता येत नाही. मग साध्या निष्काळजीपणाच्या गुन्ह्याला पुरावा नष्ट केल्याचं कलम जोडलं जातं, आणि ज्यांनी घोडा दाबला नाही ते पण आत जातात.

क्रॉसबो असता तर हे टळलं असतं का? नाही. बाणाला माणूस आणि डुक्कर यातला फरक कळत नाही. उलट बाण आवाज न करता जातो, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कुठून काय आलं तेसुद्धा समजणार नाही.

व्हिडिओत जे दिसत नाही

अमेरिकेच्या अनेक राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत क्रॉसबोने मोठ्या जनावराची शिकार कायद्याने चालते, हे खरं आहे. पण तिथे ती कशी चालते ते व्हिडिओत येत नाही. शिकारीचा परवाना लागतो, बऱ्याच ठिकाणी आधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं, हंगाम ठरलेला असतो, माणसामागे किती जनावरं ते ठरलेलं असतं. बाणाचं पातं किती रुंद असावं, कामठ्याचा ताण किती असावा, याचेही नियम असतात. शिकारीच्या क्रॉसबोचा ताण साधारण 150 ते 200 पौंड, म्हणजे सत्तर ते नव्वद किलो ओढल्यासारखा. तो बहुतेक वेळा दोरी किंवा हातयंत्राने ओढावा लागतो. म्हणून एक बाण सुटला की दुसरा भरायला वेळ जातो. जनावर तेवढा वेळ थांबत नाही.

बाण आणि गोळी यांचं मारणं वेगळं आहे, ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बंदुकीची गोळी जोराच्या धक्क्याने आतले अवयव फाडते. बाण तसं करत नाही. त्याचं धारदार पातं आत कापत जातं आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. म्हणजे बाण दोन्ही फुफ्फुसांतून किंवा काळजातून गेला तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. चार बोटं मागे, पोटात गेला, तर तेच जनावर तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडत फिरतं. जबाबदार शिकारी म्हणून जे नाव घेतात, ते याच कारणाने पुष्कळ वेळा बाण सोडतच नाहीत. त्यांचा नियम असा : जनावर उभं असलं पाहिजे, आडवं किंवा जरा पाठमोरं असलं पाहिजे, अंतर तीस-पस्तीस मीटरच्या आत आणि मोजलेलं असलं पाहिजे, उजेड पुरेसा पाहिजे, मागे माती पाहिजे. समोरून तोंड करून असलेल्या, पळणाऱ्या किंवा कळपात दाटीने उभ्या असलेल्या जनावरावर बाण नाही. आणि बाण लागला तरी लगेच मागे धावायचं नाही. अर्धा तास तरी थांबायचं, मग रक्ताचा माग काढायचा. लगेच मागे लागलं तर जखमी जनावर उठून लांब जातं आणि हाती लागत नाही.

अंतराची अट का, तेही सांगण्यासारखं आहे. चांगल्या क्रॉसबोचा बाण सेकंदाला तीनशे ते चारशे फूट जातो. आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या पुढे जातो. म्हणजे दोरी सुटल्याचा खट्ट आवाज बाणाच्या आधी जनावराच्या कानावर पडतो. लांबून मारलं तर बाण पोचेपर्यंत ते अंग आकसतं, वळतं, आणि फुफ्फुसाचा नेम पोटावर जातो. त्यात बाण लांबवर जाताना खाली पण उतरतो. पस्तीस मीटरला बरोबर बसणारा बाण साठ मीटरला बरोबर बसेलच असं नाही.

आता रानडुकराचं बघू. त्याचं काळीज आणि फुफ्फुस हरणापेक्षा खाली आणि पुढे, पुढच्या पायांच्या अगदी मागे असतात. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कातडीचा जाड थर असतो, एकमेकांशी लढताना सुळे लागू नयेत म्हणून निसर्गाने दिलेलं चिलखतच ते. केस दाट, खाली चरबी, त्यामुळे जखम लागली तरी रक्त बाहेर लवकर सांडत नाही. माग काढायचा कसा? आणि जखमी डुक्कर झाडीत दबा धरून बसलं असेल, तर माग काढणाऱ्याच्या मांडीवर सुळा बसतो. गावातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे शिकार होते कधी? रात्री. बॅटरीच्या उजेडात, कुत्री सोडून, हाका घालून, म्हणजे डुक्कर पळत असताना. क्रॉसबो चालवायच्या ज्या अटी वर सांगितल्या, त्यातली एकही इथे बसत नाही. तीरकामठा या भागाला नवा नाही. वारली, कातकरी यांच्या हातात तो पिढ्यान्‌पिढ्या होता आणि भिंतीवरच्या चित्रांतही दिसतो. पण जनावराच्या अगदी जवळ जाणं, वारा बघणं, वाट ओळखणं ही विद्या त्या कामठ्यापेक्षा मोठी होती. ती विद्या ऑनलाइन घरपोच मिळत नाही.

परदेशातही सगळीकडे बाणाला परवानगी आहे असं नाही. जर्मनीत डुक्कर-हरणासारख्या खुराच्या जनावरावर बाण चालवायला शिकारीच्या कायद्यानेच बंदी आहे. इंग्लंडमध्ये 1981 च्या कायद्याने रानटी जनावर मारायला धनुष्य आणि क्रॉसबो दोन्ही वापरता येत नाहीत. या दोन्ही देशांत बंदुकीने शिकार चालते, तरी बाण नको म्हणतात. कारण वर सांगितलं तेच, जखमी होऊन जाणारं जनावर.

बाण पण हत्यारच

आपल्याकडचा कायदा आहे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. त्यात 2022 साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. या कायद्यात हत्यार म्हणजे काय ते लिहून ठेवलंय. बंदूक, दारूगोळा, सुरी, जाळं, विष, फास आणि सापळे यांच्यासोबत धनुष्यबाणाचंही नाव त्यात आहे. त्यामुळे बंदूक नाही म्हणजे गुन्हा नाही, हा समज मुळातच चुकीचा. शिकार म्हणजे फक्त मारणं असंही नाही. पकडणं, फासात अडकवणं, विष घालणं, हाका घालून पळवणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत मोडतं. डुक्कर पडलं नाही म्हणून सुटका नाही.

दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. विनापरवाना शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिबट्या अनुसूची 1 मध्ये. तिथे कैद कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात, दंड किमान 25 हजार. हे इथे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे फास. क्लच वायरचा फास डुकरासाठी लावतात आणि त्यात बिबट्या अडकतो, असं राज्यात अनेकदा झालंय. फासाला कोण येणार ते लावणारा ठरवत नाही. आणि आपल्या भागात तर वाघोबाचं ठाणं आहे, वाघबारस पाळली जाते. डुकरं खाणारा जो एकमेव मोठा प्राणी आपल्या जंगलात उरलाय तो बिबट्या, आणि डुकरासाठी लावलेल्या फासात मरतो तोच.

वनहक्क कायद्याचा आधार काही जण देतात. आम्ही आदिवासी, जंगलावर आमचा हक्क, शिकार ही परंपरा. 2006 च्या वनहक्क कायद्याने जमीन, चराई, गौण वनोपज असे पुष्कळ हक्क मान्य केले. पण पारंपरिक हक्कांची यादी देतानाच त्या कायद्याने शिकार आणि सापळ्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. तो दाव्याच्या फॉर्ममध्ये मागून मिळणारा नाही.

मग शेतकऱ्याने काय नुसतं बघत बसायचं? कायदा तसं म्हणत नाही. कलम 11 प्रमाणे अनुसूची 2 मधलं जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोक्याचं झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊन ते मारायला सांगू शकतो. राज्यात रानडुक्कर आणि नीलगायीसाठी 2015 पासून शासन निर्णयाने ही वाट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणली आहे. शिवाय जिवावर बेतलं आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना चांगल्या हेतूने जनावर मारलं गेलं, तर तो गुन्हा होत नाही. मात्र आधीच बेकायदा शिकारीला गेलेल्या माणसाला ही सवलत मिळत नाही. बोरशेतीसारख्या टोळीवर उद्या डुक्कर उलटलं, तर स्वसंरक्षण म्हणता येणार नाही.

परवाना घेऊन मारलं तरी मटण गावात वाटता येत नाही. कलम 39 प्रमाणे ते जनावर सरकारची मालमत्ता. ते वनखात्याच्या ताब्यात द्यावं लागतं, पंचनामा होतो. खरं बोलायचं तर पिकाच्या नावाने होणाऱ्या पुष्कळ शिकारी वाट्यासाठी होतात, आणि परवान्याकडे कोणी फिरकत नाही त्याचं अर्धं कारण हेच आहे. उरलेलं अर्धं कारण सरकारचं. परवाना मिळाला तरी गोळी घालणार कोण? गावात परवान्याच्या बंदुका हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यातल्या निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होतात. ज्याच्याकडे बंदूक आहे तो म्हातारा झालाय. रात्री दोन वाजता डुक्कर शेतात आणि अर्ज टेबलावर, अशी गत असते.

केरळने यावर वेगळी वाट काढली. मे 2022 मध्ये तिथल्या सरकारने पिकात शिरणारं रानडुक्कर मारायचा आदेश देण्याचा अधिकार ग्रामपंचायत अध्यक्षांसारख्या स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला. मारणारा परवानाधारक बंदूकवाला, आणि विष, स्फोटकं, विजेचा शॉक यांना बंदी. केरळला याहून पुढे जाऊन डुक्कर उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर करून हवं होतं, ते केंद्राने मान्य केलं नाही. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर काही काळासाठी असं जाहीर झालं होतं. 2016 मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर नीलगायी मारल्या, देशभर ओरड झाली.

नुसतं मारून डुकरं कमी होतात का, हाही प्रश्न आहे. मादी साधारण चार महिन्यांत वेते, एका वेताला चार-सहा पिल्लं. एक नर पाडला तर कळप चार दिवस दुसऱ्या शेतात जातो, इतकंच. शेजाऱ्याचं नुकसान आपल्या ऐवजी होतं.

तार : क्रॉसबोपेक्षा मोठा धोका

क्रॉसबोची चर्चा मोबाइलवर जास्त आणि शेतात कमी आहे. शेतात खरी चालते ती तार. पोलवरून आकडा टाकून थेट 230 व्होल्टची लाइन कुंपणाच्या तारेत सोडायची. पहाटे बंद करायला विसरलं, किंवा रात्री कोणी खेकडे-मासे पकडायला बांधावरून गेलं, की संपलं. ओल्या खाचरात तर वाचण्याची आशाच नको. यात माणूस गेला तर वीजचोरी सोडाच, सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं, आणि ती तार आपल्याच घरच्या पोरासाठी पण तितकीच उघडी असते. गावठी बॉम्बचं तसंच. पिठाच्या गोळ्यात दारू भरून ठेवतात, डुक्कर येवो न येवो, गाय चावते आणि जबडा उडतो.

झटका मशीन आणि थेट लाइन यातला फरक बऱ्याच जणांना कळत नाही, म्हणून सांगायला हवं. झटका मशीन बॅटरीवर किंवा सोलरवर चालतं. ते सेकंदाला साधारण एक ठोका सोडतं. व्होल्टेज काही हजारांत असलं तरी ठोका इतका क्षणाचा असतो की जनावर दचकून मागे सरतं, तारेला चिकटत नाही. घरच्या लाइनचा करंट सलग वाहतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. म्हणून मशीन कंपनीचंच हवं, आणि ते कधीही थेट मीटरच्या लाइनला जोडायचं नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाहीतर ते नाक घालून खालून शिरतं. गवत तारेला लागलं की झटका जमिनीत जातो, म्हणून खालचं गवत आठवड्याला काढावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि मशीन निकामी ठरवणारे बहुतेक जण इथेच चुकतात. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतून सौर कुंपणाला 75 टक्क्यांपर्यंत अनुदानाची सोय आहे. एकट्याच्या शेताला कुंपण घातलं तर डुक्कर शेजारी जातं, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एकच घेर घेतला तर खर्चही वाटला जातो.

साड्या बांधणं, डबे वाजवणं, माळ्यावर बसून राखण करणं हे चालू आहेच. साड्यांना डुक्कर आठ-दहा दिवसांत सरावतं. राखण चालते, पण राखणीला माणूस राहिलाय कुठे? पोरं बोईसर-तारापूरच्या कंपन्यांत पाळीला, घरी म्हातारी माणसं.

भरपाईचं काय

पीक खाल्लं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, पण नुकसान झाल्यावर तीन दिवसांत अर्ज जायला हवा. मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक यांचा पंचनामा. सकाळी आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, तुडवलेलं भात आणि खुरांचे ठसे दोन्ही दिसतील असे, आणि पंचनामा होईपर्यंत तो तुकडा कापू नये. रानडुकराच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना 25 लाखांची मदत आहे, 2023 मध्ये ती 20 वरून वाढवली गेली. अतिक्रमणाच्या जमिनीवर आणि 7/12 वर नाव नसलेल्या कसणाऱ्यांची मात्र इथे अडचण होते, आणि आपल्या जिल्ह्यात असे थोडे नाहीत. वनपट्टा मिळालेल्यांनी पट्ट्याची प्रत अर्जाला जोडावी.

दुसरी घडामोड विम्याची. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने जाहीर केलं की 2026 च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं पिकाचं नुकसान पीक विम्यात स्थानिक आपत्ती म्हणून धरता येईल. पाण्याखाली गेलेल्या भातालाही संरक्षण परत येणार, हे आपल्या पट्ट्यासाठी तितकंच महत्त्वाचं. शेतकऱ्याने 72 तासांत क्रॉप इन्शुरन्स ॲपवर ठिकाणासह फोटो टाकून कळवायचं. पण कोणते प्राणी, कोणते जिल्हे, हे राज्याने ठरवायचं आहे. आणि महाराष्ट्राने 2025 च्या खरिपात एक रुपयातला विमा बंद करताना स्थानिक आपत्तीचा भागच योजनेतून काढला होता, आता भरपाई पीक कापणी प्रयोगावर बेतलेली. मंडळातल्या सरासरी उत्पादनावर हिशोब झाला तर एका शेतात शिरलेल्या कळपाचं नुकसान त्या सरासरीत दिसतच नाही. केंद्राने दार उघडलं, राज्याने ते उघडून घेतलं तरच उपयोग.

ग्रामसभेच्या ठरावात हे दोन मुद्दे घालता येतात : पालघर जिल्हा आणि रानडुक्कर दोन्ही विम्याच्या यादीत यावेत, आणि परवान्याच्या अर्जावर वनपरिक्षेत्र कार्यालयाने लेखी पोच द्यावी. पोच नसलेला अर्ज केलाच नाही असं नंतर ऐकायला मिळतं.